ओटे मोजणाऱ्या हांडेबाई

हांडेबाई गेल्या, हे मला वडिलांनी फोनवर सांगितलं. मी पुण्यात, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभी होते. वडील एरवी फोनवरही दुकानातल्यासारखं मोठ्यानं बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता. “हांडेबाई गेल्या. सकाळी. येणार असशील तर नाशिकच्या कुठल्याही गाडीत बस आणि नारायणगावला उतर. थेट जुन्नरच्या गाडीची वाट बघू नको,” एवढं बोलून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. बातमीनं मी हललेच, पण त्याहून जास्त हलले ते वडिलांच्या तोंडून ते नाव ऐकून. बाई आमच्या दुकानाच्या अगदी समोर, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहायच्या. तरी कित्येक वर्षांत वडिलांनी त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. उल्लेख करायची वेळ आलीच तर ते समोरच्या खिडकीकडे हनुवटीनं खूण करायचे, आणि आम्ही समजून घ्यायचो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात पेठेत शोकसभा झाली, तिथे बाईंबद्दल इतकं गुळगुळीत बोललं गेलं की ते ऐकून मला स्वस्थ बसवेना. म्हणून लिहायला बसले आहे. मन शांत झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

हांडेबाई मूळच्या निरगुडसरच्या. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. पुण्याला जाऊन चित्रकलेचा शिक्षकी अभ्यासक्रम पुरा केला आणि जुन्नरला आमच्या मुलींच्या शाळेत लागल्या. लग्न केलं नाही. त्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. उंच, सडसडीत, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. वर्गात त्या फुलदाणी किंवा केळी-सफरचंद मांडून चित्र काढायला लावत नसत. “आपापल्या घराचा दरवाजा काढून आणा,” असं सांगत. दुसऱ्या दिवशी आम्ही दरवाजे घेऊन गेलो की विचारत, “कडी डावीकडे का उजवीकडे?” निम्म्या वर्गाला सांगता येत नसे. रोज हात लागतो ती कडी कुठल्या बाजूला आहे हे माहीत नाही, याचा त्यांना खरोखर राग यायचा. त्या रागावल्या की आवाज चढवत नसत, फक्त चित्र परत द्यायच्या आणि म्हणायच्या, “जा, बघून ये.”

आमची मधली पेठ म्हणजे एके काळची मोठी बाजारपेठ. आमच्या घराण्यातलं कुणीतरी राजस्थानातून इथे येऊन भांड्यांचा धंदा मांडून बसलं त्याला इतक्या पिढ्या झाल्या की आता घरात मारवाडी फक्त आजीच बोलायची, तीही देवाशी. पेठेत आमच्यासारखी चार-दोन जैन घरं, बाकी तांबट, शिंपी, किराणावाले, एक वैद्यांचं काष्ठौषधीचं दुकान. प्रत्येक दुकानापुढे दगडी ओटा. आमच्या ओट्यावर पिंपरी पेंढारच्या, ओतूरच्या बायका लग्नाची भांडी घ्यायला येऊन सकाळपासून बसायच्या. हंडा वाजवून बघायचा, ताट उन्हात धरून बघायचं, मग चहा, मग पुन्हा हंडा. भांड्यावर नाव घालायच्या यंत्राची किर्रकिर्र चाललेली असायची. मला वाटायचं, ओटा म्हणजे बसायला केलेली जागा.

बाईंनी मला वेगळं सांगितलं. मी तेव्हा बी.ए. होऊन घरीच होते, स्थळं बघणं चाललं होतं. त्या दुकानात पातेलं घ्यायला आल्या होत्या, आणि पातेलं बाजूला ठेवून ओट्याच्या कडेला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुमचा हा ओटा कमरेइतका उंच का, सांग बघू. बसायला इतका उंच लागत नाही.” मग त्यांनीच सांगितलं. घाटाखाली समुद्रावर गलबतं लागायची, माल नाणेघाटानं बैलांच्या पाठीवर वर चढायचा, आणि या पेठेत येऊन उतरायचा. मीठ, खारीक, नारळ. बैल ओट्याला भिडवून उभा केला की पाठीवरची गोण वाकायला न लागता सरळ ओट्यावर घेता यावी, एवढी ती उंची. “बंदरात बोटीला जसा धक्का असतो ना, तसे हे ओटे. आपली पेठ बंदरच आहे गं. पाणी तेवढं खाली राहिलं.” हे त्यांनी कुठून वाचलं होतं, की म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून स्वतः जुळवलं होतं, कोण जाणे. पण त्या दिवसापासून मला आमचा ओटा नुसता ओटा दिसेना.

त्याच सुमारास त्यांनी ठरवलं की अख्ख्या पेठेचं चित्र काढायचं. दोन्ही बाजू, घर न घर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. पेठेत सिमेंटचे गाळे यायला लागले होते, लाकडी खांब भंगारात जात होते. बाईंचं म्हणणं, आहे तोवर नोंद झाली पाहिजे. शाळा सुटली की त्या टेप घेऊन निघायच्या, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. दाराची रुंदी, खांबांतलं अंतर, ओट्याची उंची, ओटा भिंतीपासून किती पुढे आला आहे, सगळं मोजायच्या. दुकानदार हसायचे. “बाई, ड्रॉइंग काढताय का सातबारा?” बाई म्हणायच्या, “डोळ्यांवर माझा भरवसा नाही, भाऊ. टेपवर आहे.” जाड कागदाचे ताव खळीनं जोडून त्यांनी लांबलचक पट्टा केला होता. त्यावर पेन्सिलीनं, मग शाईनं, पेठ उतरत गेली. आमच्या दुकानावरची महिरप, तांबटाच्या दारातली ऐरण, वैद्यांच्या ओट्यावरचा झिजून खोलगट झालेला कोपऱ्याचा दगड... आणि प्रत्येक घराखाली बारीक अक्षरात मापं. या कामात दोन पावसाळे गेले असतील. पुरं झालं तेव्हा त्यांनी तो पट्टा शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला लावला. सगळी पेठ बघायला आली. वडिलांनी आपलं दुकान शोधलं, नाक लावून बघितलं आणि म्हणाले, “बाई, आमचा तिसरा खांब जरा कलता आहे, तोसुद्धा घेतलात की.” त्यांच्या दृष्टीनं याहून मोठी शाबासकी नव्हती. त्या दिवाळीला त्यांनी फराळाचं ताट घेऊन मला समोर पाठवलं, आणि पुढची काही वर्षं तो रिवाजच पडला.

पुढे रस्ता रुंद करायची टूम निघाली. इथे खरं सांगायला हवं, पेठेलाही ते हवंच होतं. गिऱ्हाईक हळूहळू नारायणगावला आणि आळेफाट्याला वळायला लागलं होतं. तिकडे दुकानापुढे ट्रक उभा राहतो, जीप उभी राहते. आमच्या पेठेत एसटी शिरली की हातगाड्या उचलून घ्यायला लागायच्या. रस्ता मोठा झाला की धंदा परत येईल असं वडीलही बोलत होते. फक्त प्रत्येकाच्या मनात रस्ता समोरच्याच्या बाजूनं मोठा होणार होता.

ज्या कचेरीकडे ते काम होतं तिथले एक साहेब बाईंच्या शाळेत आले, चित्र बघून भारावले. गावाच्या इतिहासाचं एक दालन करायचं आहे, त्यात हे मधोमध लावू, असं म्हणाले. बाईंनी गुंडाळी स्वतः पिशवीत घालून नेऊन दिली. पोच घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. काही महिन्यांनी पेठेत माणसं आली आणि ओट्यांवर लाल रंगाच्या खुणा करू लागली. त्यांच्या हातात झेरॉक्सचे कागद होते. आमच्या ओट्यापाशी आले तेव्हा वडिलांनी कागद बघायला मागितला. आमचं दुकान, महिरप, कलता तिसरा खांब, आणि खाली बाईंच्या अक्षरात ओट्याचं माप. ओटा पुढे आला आहे तेवढा तोडायचा. वडिलांनी कागद परत दिला आणि समोरच्या खिडकीकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले.

त्या संध्याकाळी आमच्या दुकानात बैठक झाली. बाईंना बोलावलं होतं. दालनासाठी म्हणून दिलं होतं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि त्यावर कुणाचा अविश्वास नव्हता. कचेरीत सुनावणी व्हायची होती. पेठेनं एक तोड काढली होती आणि ती वडिलांनी बाईंपुढे ठेवली. “बाई, तुम्ही एवढंच सांगा, की हे चित्र आहे. कलाकारानं अंदाजानं काढलं, मापं नजरेनं टाकली. मग त्यांना परत मोजणी लावायला लागेल. तोवर आपण वर जाऊन काहीतरी करू.”

“पण मी मोजलंय, हिराशेठ,” बाई म्हणाल्या.

“मोजलंय हे आपल्याला माहीत आहे. साहेबाला कुठं माहीत आहे?”

“मला माहीत आहे ना.” मग म्हणाल्या, “ओटे पाडू नका, हे मी सांगेन. ते का पाडू नयेत तेही सांगेन. माप खोटं आहे हे सांगणार नाही.”

कुणीतरी म्हणालं, “बाईंचं काय जातंय राव. त्यांचा ओटा थोडाच आहे.” बाई उठल्या, पायऱ्या उतरल्या आणि समोर निघून गेल्या. वडील माझ्याकडे एकदा बघून गल्ल्यावर जाऊन बसले. टेपचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, आजवर बोलले नाहीत. सगळा राग त्यांनी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला.

सुनावणीला मी गेले होते. बाई चांगलं बोलल्या. बैल, गोणी, घाट, सगळं मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कागद पुढे केला. “हे माप तुमचं?”

“हो.”

“बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

“मग ओटे रस्त्यात येतात, बाई.”

“साहेब, ओटे रस्त्यात आलेले नाहीत. रस्ता ओट्यांच्या मधून गेलाय. ओटे आधीचे आहेत.”

“त्याला कागद आहे का काही?”

कागद नव्हता. दगड होता, कमरेइतका उंच, आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवता येत नव्हता. बाईंच्या त्या “हो”चा मला आजही राग येतो. कधी वाटतं, त्या “नाही” म्हणाल्या असत्या तरी काय झालं असतं... कचेरीची माणसं टेप घेऊन आली असती आणि एका दुपारीत मोजून गेली असती. कधी वाटतं, त्या एका दिरंगाईत सगळं बदललं असतं, कारण पुढे जे झालं ते बघता वेळच आपल्या बाजूनं होता. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही. बाईंनाही सुटला नसावा, पण त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही.

जेसीबी आला तेव्हा दिवस लग्नसराईचे होते. ओटे लवकर निघाले नाहीत. दगडात दगड अडकवून बसवलेला, चुन्याचा दर्जा तसा... यंत्राचा माणूस घामाघूम झाला. ओट्यांबरोबर काही खांब गेले, काही ठिकाणी दर्शनी भिंत गेली. घरांच्या आतल्या खोल्या रस्त्यावरून दिसायला लागल्या, एकाची निळी भिंत, एकाचा रिकामा कोनाडा. आमचा तिसरा खांब पडला. पेठेचा वरचा अर्धा भाग असा सोलून झाला आणि काम थांबलं. आधी पैसे नाहीत म्हणून, मग पावसाळा म्हणून, मग साहेब बदलले म्हणून. काम परत सुरू झालंच नाही. दोनेक वर्षांत गावाबाहेरून नवा रस्ता झाला आणि ज्या गाड्यांसाठी पेठ फोडली त्या तिकडून जायला लागल्या. आता वरची अर्धी पेठ रुंद आणि रिकामी आहे, जीपवाले तिथे सावली बघून गाड्या लावतात. खालची अर्धी जशीच्या तशी आहे, ओट्यांसकट. दोन्हींच्या मध्ये उभं राहिलं की माणसाला नक्की कुणावर रागवावं ते कळत नाही.

पिंपरी पेंढारची एक म्हातारी सुनेला घेऊन भांडी घ्यायला आली होती. दुकानापुढे थबकली आणि म्हणाली, “शेठ, ओटा कुठं गेला वो? आता आमी बसायचं कुठं?” वडिलांनी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. ती म्हणाली, “खुर्चीवर काय हंडा पारखता येतो व्हय?” आणि खाली पायरीवर बसली. त्या वर्षी एक-एक करत दुकानदारांनी पुढे पत्रे काढले, पत्र्याखाली फरशा घातल्या, पूर्वीच्या ओट्याइतक्याच पुढे. बाई एकदा खिडकीतून मला खाली बोलल्या, “बघितलंस? आता हे मात्र खरंखुरं अतिक्रमण.” हसून बोलल्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्या दिवाळीपासून आमच्याकडून फराळाचं ताट जाणं बंद झालं होतं. आईनं एकदा भरलं, वडिलांनी बघितलं, आईनं परत डब्यात घातलं.

माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. बाई निवृत्त झाल्या. पेठेतली निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नव्हती, तरी त्यांनी खोली सोडली नाही. एकच गोष्ट त्यांनी लावून धरली, चित्र परत मिळावं. इतिहासाचं दालन झालंच नव्हतं. दर सोमवारी सकाळी त्या कचेरीत जात. कधी साहेब मीटिंगला गेलेले, कधी कपाटाची किल्ली नाही, कधी चित्र पुण्याच्या ऑफिसला पाठवलं म्हणत, कधी असं चित्र आमच्याकडे आलंच नव्हतं म्हणत. मी माहेरी आले की त्यांना भेटायचे, मागच्या दारानं. मी चिडायचे. “बाई, सोडा ना आता. नाहीतर पेपरात द्या, ओरडा जरा.” त्या चहाचं पाणी ठेवत म्हणायच्या, “ओरडून काय होतं? मी विचारते. त्यांना उत्तर द्यावंच लागेल कधीतरी.” त्यांच्या या सरळपणापुढे मी हात टेकायचे. ज्या सरळपणानं एकदा अख्खी पेठ अंगावर घेतली, त्याच सरळपणानं त्या कचेरीच्या बाकावर वर्षानुवर्षं बसत राहिल्या.

त्या गेल्या त्या दिवशी निरगुडसरहून त्यांचे धाकटे भाऊ आले होते. घाटावरून परत आल्यावर आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले. कुणालातरी सांगावं म्हणून मला म्हणाले, “आक्का लई हट्टी व्हती. किती डाव म्हणलं, घरी चल, आता तिथं काय हाये तुझं. तर म्हणायची, माझं चित्र मिळू दे, मग येते. आमी म्हणलं दुसरं काढ की. तर म्हणली, कशाचं काढू? व्हतं ते ऱ्हायलं न्हाई.”

शोकसभा झाली ती पेठेतच, वरच्या रुंद भागात, जिथे ओटे होते तिथे खुर्च्या मांडून. एक पुढारी बोलले. बाई म्हणजे पेठेच्या वारशाच्या राखणदार, असं म्हणाले, आणि रस्त्याला बाईंचं नाव द्यावं अशी सूचना केली. टाळ्या पडल्या. कुठला रस्ता, तर हाच, त्यांच्याच मापानं फोडलेला. मी उठून जायच्या बेतात होते, तेवढ्यात पहिल्या रांगेत वडील उभे राहिले. वडील सभेत कधी बोलत नाहीत. काठी घट्ट धरून म्हणाले, “नाव मागाहून द्या. आधी त्यांचं चित्र द्या.” पुढाऱ्यांनी मान हलवली, बघू, विचारू, असं पुटपुटले, आणि चहा आला.

गेल्या आठवड्यात माहेरी गेले तेव्हा आईनं सांगितलं, हे सोमवारी सकाळी दुकान गड्यावर टाकून कचेरीत जायला लागलेत. मला पटेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. नवा कारकून, तरुण, वागायला बरा. त्यानं विचारलं, “मयत बाई तुमच्या कोण?” वडील म्हणाले, “कोणी नाही. चित्रात माझं दुकान आहे.” तो म्हणाला, तसं चालत नाही बाबा, वारसांनी अर्ज करायला पाहिजे, आणि तरी पुढच्या सोमवारी या, मी बघून ठेवतो. वडिलांनी त्याला नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो.

येताना मला राहवलं नाही. “पप्पा, ते चित्र हरवलंय. ते कधीच देणार नाहीत. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग कशाला जाता?”

ते वैद्यांच्या दुकानापाशी दम खायला थांबले आणि समोर बघत म्हणाले, “सोमवारी सकाळी त्या खाली उतरायच्या. छत्री घेऊन. कोपऱ्यापर्यंत दिसायच्या, मग दिसेनाशा व्हायच्या... मी गल्ल्यावरून बघायचो. इतकी वर्षं बघितलं. आता सोमवारी त्या वेळेला दुकानात बसवत नाही मला.”